कुलूप म्हणा की

चिकपेटेतल्या हार्डवेअरच्या गल्लीत एक अनोळखी माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि मी रागवायचं सोडून लाजले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही शहाणपणाने बोलले तरी तुम्ही फसणार नाही.

प्रयोगशाळेतल्या कपाटासाठी मला कुलूप घ्यायचं होतं. बाहेर भुरभुर पाऊस, दुकानात पाऊल ठेवायला जागा नाही, आणि फोनवर आई. माझ्या आईचा, तुंगाबाईंचा आवाज असा, की फोन हातभर लांब धरला तरी दुकानदाराला ऐकू जातो.

"अगं हो, घेते ना बीग. ओरडू नको," मी म्हटलं.

शेजारी कुणीतरी हसलं. उंच, सावळा, शर्टाच्या खिशावर लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचं नाव. त्याच्याही हातात कुलूपच होतं.

"बीग काय म्हणता?" तो म्हणाला. "कुलूप म्हणा की."

"आमच्या घरी बीगच म्हणतात. सात पिढ्या बंगळुरात आहोत. आमची मराठी अशीच आहे."

"अशीच म्हणजे अर्धी कन्नड."

"आणि तुमची मोठी शुद्ध?"

"निपाणीची आहे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. आम्ही मधे उंबऱ्यावर उभं राहून बोलत नाही, तुमच्यासार—"

आणि तो थांबला. वाक्य अर्ध्यावर सोडून नुसता बघत राहिला. ओठांचा उजवा कोपरा किंचित हलत होता... काहीतरी बोलायचंय आणि धीर होत नाही, असा. मी ओढणी सारखी केली. केस कानामागे घेतले. चांगलं अर्धं मिनिट गेलं असेल. मग त्याने डोळे मिटून उघडले आणि विचारलं, "काय म्हणत होतो मी?"

"ते तुम्हालाच ठाऊक," मी म्हटलं, आणि तेही जरा लाडातच.

मी मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यांवर पीएचडी करते. फिट म्हणजे हातपाय झाडणंच असं नाही, नुसतं बोलणं थांबून माणूस एकटक बघत राहतो तीही फिटच असते, हे मी दर वर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवते. त्या दिवशी मला वाटलं, मी त्याला आवडले. ऑटोत बसून जयनगरला घरी पोचेपर्यंत मी स्वतःशीच हसत होते.

अकरा दिवसांनी तो मला पुन्हा भेटला. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर. नाव योगीराज, वय एकतीस. मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ, आणि तीही नेमकी जिथे बोलणं तयार होतं तिथे.

आमची प्रयोगशाळा त्या हॉस्पिटलबरोबर काम करते. अशी गाठ काढताना रोग्याला मधे जागं ठेवतात. सर्जन मेंदूच्या एकेका जागेला विजेचा हलका स्पर्श देतो, त्याच क्षणी रोग्याला चित्र दाखवतात आणि नाव विचारतात. नाव आलं तर जागा कापायला मोकळी. अडलं तर तिथे हात लावायचा नाही. दोन भाषा बोलणाऱ्याच्या डोक्यात काही जागा दोन्ही भाषांच्या असतात, काही एकेकीच्याच, म्हणून प्रत्येक भाषेची परीक्षा वेगळी. हॉस्पिटलच्या स्पीच थेरपिस्ट बाईंना कन्नड यायची, तमिळ यायची, मराठी नाही.

"तुला येते ना, कावेरी?" डॉक्टर हयवदन म्हणाले. "मग मराठीची चित्रं तू घे. बरोबर की चूक एवढंच सांगायचं, पण लगेच."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. मराठी माझी घरचीच होती.

ऑपरेशनच्या आधी आठ दिवस सराव चालला. मी त्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची आणि एकेक चित्र दाखवायची. उत्तर पूर्ण वाक्यात हवं. हे अमुक आहे, ते तमुक आहे.

"नाव घ्या," मी म्हणायची.

"आमच्याकडे असं नव्या नवरीला म्हणतात."

"चित्राचं नाव."

"हां. मग हे... कात्री आहे." चेहरा एवढा गंभीर की बाजूच्या नर्सला काही कळायचं नाही. "ही चूल आहे. ही सायकल आहे. ही कावेरी आहे."

"ते चित्रात नाहीये."

"स्वल्प बाजूला दिसतंय ना."

"स्वल्प? हे तर कन्नड. आता उंबऱ्यावर कोण उभंय?"

तो हसायचा. आणि कुलपाचं चित्र आलं की थांबायचा, माझ्याकडे तिरकं बघायचा आणि शांतपणे म्हणायचा, "हे बीग आहे." पहिल्यांदा मी चूक लिहिलं. दुसऱ्यांदा त्याने इतक्या आर्जवाने विचारलं, "तुमच्याच घरचा शब्द, तुम्हीच चूक म्हणणार?" की मी बरोबरची खूण केली. मग ते रोजचंच झालं. कुलूप आलं की तो बीग म्हणायचा, मी हसायची आणि खूण करायची. दिवसभरात त्या एका चित्राची मी वाट बघायची. आठ दिवसांत मी त्याच्या प्रेमात पडले होते, मग आता कशाला आडवळणाने सांगू.

शेवटच्या संध्याकाळी त्याने टोपी काढू दिली नाही. "एक विचारू? दोन्हीतलं एकच वाचणार असेल तर?"

"असं ठरवता येत नाही."

"येत असेल तर डॉक्टरांना सांगा, मराठी ठेवा. कन्नड गेली तर कामावर खाणाखुणा करीन. आईला मराठीशिवाय अक्षर येत नाही." त्याच्या आईचं नाव शालन. वडील लवकर गेले, तिने तंबाखूच्या वखारीत काम करून याला शिकवलं. रोज साडेसातला ती फोन करायची आणि विचारायची, काय जेवलास. "आणि दुसरं म्हणजे... एक वाक्य राखून ठेवलंय. तेही मराठीतच आहे."

"मग आत्ता सांगा."

"आत्ता सांगितलं तर तुम्ही दया येऊन हो म्हणाल. तसलं हो नको मला."

मी टोपी उतरवली. गुंडाळलेल्या तारा सोडवून पुन्हा गुंडाळल्या आणि त्याने ते पाहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी हिरव्या कापडाच्या तंबूत त्याचा तेवढा चेहरा दिसत होता. पलीकडे कापडाआड डॉक्टर हयवदन, अलीकडे टॅबलेट धरून मी. मेंदूवर एका कडेला आमची नोंदी घेणारी पातळ पट्टी ठेवली होती. पहिली वीस मिनिटं विजेशिवाय, नुसती चित्रं, दोन्ही भाषांत. कुलूप आलं. त्या अवस्थेतही त्याने माझ्याकडे तिरकं पाहिलं. "हे बीग आहे." माझ्या मास्कमागे मला हसू आलं, आणि त्याला ते डोळ्यांत दिसलं असणार.

मग वीज सुरू झाली. एकेका जागेवर प्रत्येक भाषेची तीन चित्रं. तिनातली दोन चुकली तर जागा राखायची, एकच चुकलं तर कापायची. जागेवर नंबराची कागदी चिठ्ठी ठेवत डॉक्टर पुढे सरकत होते. सहावर तो अडला, राखली. नऊवर अडला, राखली. चौदा नंबरला तो दमला होता.

पहिलं चित्र. "हा कागद आहे."

"बरोबर," मी म्हटलं.

दुसरं चित्र कुलपाचं. तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. "हे... बीग आहे."

मी हसले. "बरोबर."

तिसरं चित्र छत्रीचं. तो तोंड उघडून तसाच राहिला, नाव आलं नाही.

"चूक."

"तिनात एक," डॉक्टर म्हणाले. "चौदा मोकळी."

तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि तो बोलायला लागला. कन्नड अगदी पहिल्यासारखी. डॉक्टरांशी, नर्सशी, चहावाल्याशी. मला म्हणाला, "कावेरी, तले दुखतेय. स्वल्प नीर देता?"

मी पाणी दिलं. तले म्हणजे डोकं, आमच्याही घरी म्हणतात. वाटलं, थट्टा करतोय. मग त्याने खिडकीकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला सुरुवात केली, शब्द शोधला, पुन्हा शोधला, आणि त्याचा चेहरा बदलत गेला. क्रियापदं होती. मी, तुम्ही, आहे, नाही, सगळं होतं. वस्तूंची मराठी नावं तेवढी नव्हती. दोन्ही भाषांत सारखे असलेले कागद, चहा असले शब्द राहिले होते. बाकी जिथे हात घालील तिथून कन्नडच निघत होती.

साडेसातला फोन वाजला. शालनबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काय जेवलास रं?"

त्याला भात म्हणायचं होतं. "अन्न," तो म्हणाला. कन्नडमध्ये भाताला अन्न म्हणतात.

"अन्नच जेवनार की. माती जेवतोस व्हय?" पलीकडे ती खळखळून हसली. लेकाला थट्टा सुचतेय म्हणजे लेक बरा झाला, असं तिला वाटलं. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी माझी आई डबा घेऊन आली. अर्धा तास त्याच्याशी गप्पा मारल्या. तले दुखते, मळे येतोय, बागिल लावा, डोकं, पाऊस, दार सगळं कन्नडमधून, आणि दोघांचं सुरळीत चाललं होतं. निघताना लिफ्टपाशी ती मला म्हणाली, "काय झालंय त्याला? किती गोड मराठी बोलतो. अगदी आपल्यातला." मी जिन्याने खाली उतरले आणि पार्किंगमध्ये उभी राहून रडले.

तोपर्यंत मला वाटत होतं, नशीब. गाठच तिथे होती, कुणी काय करणार. आठवड्याने मी ऑपरेशनच्या नोंदी उघडल्या.

आमचं मॉडेल म्हणजे संगणकातला हिशेब आहे, जादू नाही. शब्द तोंडात येण्याआधी पाव सेकंद पेशींचं एक टोळकं जागं होतं. मराठी शब्दाला एक, कन्नडला दुसरं. मॉडेल पहिल्या वीस मिनिटांवरून ती टोळकी ओळखायला शिकलं आणि मग त्याने प्रत्येक चित्रासाठी दोन रेषा काढल्या, एक मराठीची आणि एक कन्नडची.

आधी मी विजेशिवायचं बीग पाहिलं, तिरकं बघून म्हटलेलं. त्यात मराठीची रेषा झपकन वर गेली होती. म्हणजे कुलूप आलं होतं. मग ती दाबली गेली आणि कन्नडची वर आली. माणूस थट्टा करतो तेव्हा असंच होतं, खरा शब्द आधी हजर असतो आणि तो बाजूला सारून दुसरा काढायचा असतो. त्या दोन रेषा बघून मला अजूनही हसू येतं.

मग चौदा नंबरचं बीग. मराठीची रेषा सपाट. शेवटपर्यंत सपाट. कुलूप आलंच नव्हतं. तो शोधत होता, सापडलं नाही, आणि हाताला लागला तो शब्द त्याने माझ्यापुढे धरला. तो थांबला होता तो थट्टेसाठी नाही. माझ्याकडे पाहिलं होतं ते विचारायला. आणि मी हसून बरोबर म्हटलं होतं.

चूक म्हटलं असतं तर तिनात दोन चुका झाल्या असत्या. चौदा नंबरची जागा राहिली असती.

दोनदा मी त्याच्या आजाराला प्रेम समजले. पहिल्यांदा दुकानात, तेव्हा निदान कुणाचं काही गेलं नाही.

डॉक्टर हयवदनना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी रेषा पाहिल्या, चष्मा काढला, बराच वेळ पुसला. "निर्णय माझा होता," ते म्हणाले. "बीग मीही ऐकलं होतं, वाटलं तुमच्या मराठीत तेच म्हणतात. आणि त्या जागेत गाठही बरीच होती. ती निघाली म्हणून त्याला थोडी जास्त वर्षं मिळतील कदाचित." किती, ते त्यांनी सांगितलं नाही. तपासणीत गाठ वाटली होती त्याहून वाईट निघाली होती. रेडिएशन सुरू होणार होतं. मी तो दिलासा घेऊन बघितला, पण मला तो पेलला नाही. वर्षं जास्त मिळाली आणि त्यांत आईशी बोलता येत नसेल तर ती कुणाची, हे कुठलं मॉडेल सांगणार?

योगीराज दहा दिवस निपाणीला जाऊन आला. येताना वाळला होता. घरी सगळे त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचे. आईने देवळात नवस बोलला होता. शेजारचे म्हणत, बंगळूरला जाऊन पोरगं मराठी विसरलं. इथे निदान रस्त्यावर त्याला कुणी वेडा समजत नव्हतं, म्हणून तो बनशंकरीतल्या आपल्या खोलीवर परतला. साडेसातला मी तिथे असायची. तो मला कन्नड शब्द द्यायचा, मी फोनवर त्याचं मराठी करायची. भात. वांगं. ऊन. शालनबाई मला पोरी म्हणायला लागल्या होत्या आणि प्रत्येक वेळी मी घाईने पुढचा शब्द सांगायची.

एका सकाळी, रेडिएशनला निघायच्या आधी, मी लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर ठेवला. दोन्ही बीग दाखवले. काय झालं, कुणामुळे झालं, सगळं सांगितलं. एकही वाक्य सौम्य केलं नाही.

"त्या क्षणी मी परीक्षा घेत नव्हते," मी म्हटलं. "मी तुमच्या प्रेमात होते. म्हणून चुकले. आता हाकलून द्या मला."

तो रेषांकडे बघत राहिला. बाहेर पाऊस लागला होता, खिडकीच्या गजावरून थेंब एकेक करून आत पडत होते. त्याने बोटाने ती सपाट रेषा पहिल्यापासून शेवटपर्यंत गिरवली. लिफ्टचा माणूस तो. वर जाणारी रेषा आणि न जाणारी रेषा त्याला कळत होती.

"थट्टा केलो मी," तो म्हणाला.

"काय?"

"तेव्हा. ते बीग. थट्टाच केलो होतो. मला येत होतं ते."

"योगीराज, इथे दिसतंय—"

"तुमचं हे चुकतंय मग." त्याने लॅपटॉप हलकेच मिटला. "मीच म्हणालो, तुम्ही हसलात. तुमचं काय चुकलं? सरी ना?"

त्याला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. ऑपरेशनसाठी केस काढले होते, त्यामुळे ते लपतही नव्हते. मला पुरतं ठाऊक होतं की हा खोटं बोलतोय, माझ्याकडे नोंद होती, आणि तो का बोलतोय हे कळायला मात्र थोडा वेळ लागला.

"ते राखून ठेवलेलं आहे ना," तो म्हणाला. मला कळलं, ते वाक्य. "बघितलो मी. रोज बघत होतो, गेलं का म्हणून. गेलं नाही." तो थांबला. या वेळी ओठांचा कोपरा हलत नव्हता. "कावेरी, मला तुम्ही आवडता. एवढंच आहे. तुमचं नाव दोन्हीकडे सारखंच, म्हणून वाचलं."

मला रडू आलं तसं त्याने घाईने पुढे म्हटलं, "तसं नको. वाईट वाटून हो म्हणू नका. चुकले म्हणून तर अजिबात नको. म्हणून सांगतोय, थट्टा होती."

मी डोळे पुसले. चूक माझीच होती, आहे, आणि मी मरेन तोवर राहील. त्याच्या खोट्याने ती पुसली गेली नाही. पण त्याने ते खोटं मला दिलं होतं, आणि परत करायची माझी छाती झाली नाही.

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं. "थट्टा होती."

"मग?"

"मग हो. दयेने नाही. मला तुम्ही त्या दुकानातच आवडला होतात."

"तिथं तर मला—"

"फिट आली होती. माहितीये. तरी पण."

त्याला हसू फुटलं. महिन्याभरात पहिल्यांदा. मग घड्याळ बघून आम्ही उठलो. रेडिएशनची वेळ चुकवून चालत नाही. तो छत्री घेऊन बाहेर जिन्यावर उभा राहिला, मी दिवा घालवला, दार ओढलं.

"तेवढं बीग द्या इकडे," मी हात पुढे केला.

तो देईना. कुलूप मुठीत धरून माझ्याकडे तिरकं बघायला लागला, अगदी सरावात बघायचा तसा, आणि मला कळलं तो काय म्हणणार आहे. त्यालाही कळलं की आपण सुरुवात करून बसलोय.

"बीग काय म्हणता?" तो म्हणाला. "... ..."

ओठ हलले. पुन्हा हलले. पाऊस जिन्यावर येत होता. त्याने मूठ उघडून त्या वस्तूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी मी हसले नाही.

"कुलूप," मी म्हटलं.

"कुलूप," तो म्हणाला, "म्हणा की."

मी ते दाराला लावलं. खालच्या पायरीवर पोचेपर्यंत तो शब्द त्याच्याकडून गेला होता, आणि मी त्याला तो पुन्हा सांगितला.